तेवीस थांबे

१२ ऑक्टोबर, रविवार

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी साखर बघितली आणि म्हणाल्या, "आनंदीबाई, रोज अर्धा तास चाला, नाहीतर सायकल चालवा." चालायचे म्हटले तर डावा गुडघा ऐकत नाही. घरी येऊन पडवीत बसले. समोर ह्यांची सायकल उभी होती. तिच्याकडे बघत चहा प्याले.

संचिताचे बाबा जाऊन चौदा महिने झाले. तीस वर्षे त्यांनी ह्याच सायकलवरून गावात पाव घातले. पहाटे खाडीकाठच्या मोहल्ल्यात जायचे, जुबेरभाईंच्या बेकरीतून पाव घ्यायचे, मागच्या पेटीत भरायचे आणि भोंपू वाजवत तेवीस घरे करायची. मागे पेटी असली की वरून पाय टाकून चढता येत नाही, म्हणून बिनदांड्याची, बायकांची सायकल त्यांनी मुद्दाम घेतली होती. लोक चिडवायचे. हे म्हणायचे, "पावाक सगळां चलता."

व्हाळावरच्या साकवाजवळ, ओढ्यावरच्या त्या अरुंद पुलाशी, गेले ते. सायकल स्टँडवर नीट लावलेली होती. पेटीत सात घरांचे पाव शिल्लक होते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

संचिताने पुण्यातून फोनवर सगळे ठरवून टाकले. बाबांचाच मोबाईल वापरायचा, त्यात सायकल मोजणारे अ‍ॅप घालायचे. "किती चालवलंस ता माका हय दिसात. पडलंस तर खंय पडलंस ता पण दिसात."

"पडले तर गावाला दिसेल की. पुण्याला कशाला दिसायला हवे?"

"आई, वाद घालू नको."

तिने तीन अ‍ॅपे सांगितली आहेत. तिन्ही घालून बघायची आणि एक ठेवायचे. नावे इंग्रजी आहेत, ती माझ्या तोंडात बसत नाहीत. मी रंगावरून ओळखते. हिरवे, केशरी, निळे. आज हिरवे घातले. त्याने वय विचारले, वजन विचारले, ध्येय विचारले. ध्येयापुढे सहा पर्याय होते. त्यातले एकही माझे नव्हते. पहिले दाबले.

मोबाईल हँडलला अडकवायचा एक चिमटा तिने पाठवला आहे. चार्जरची पिन पडवीतच आहे, त्यामुळे मोबाईल सायकलवरच राहतो. मला तेच बरे. आत आणला की सारखा हातात घ्यावासा वाटतो. त्यात ह्यांचा आवाज आहे. "आनंदी, पीठ आणू काय?" एवढाच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

खळ्यात, घरापुढच्या अंगणात, सायकल धरून चढले आणि पडले. परत चढले, परत पडले. तिसऱ्यांदा चार हात गेले आणि माडाला धडकले. शेजारच्या शेवंतीकाकी कुंपणावर हात टेकून बघत होत्या.

"गो आनंदी, ह्या वयात सायकल? सत्यवान वरसून हसत आसतलो!"

"हसू देत. खूप दिवसांत हसले नसतील."

हिरव्या अ‍ॅपातली बाई मोठ्याने इंग्रजीत काहीतरी म्हणाली. काकी म्हणाल्या, "ह्या कोण तुका रागवता?" आम्ही दोघी हसलो. अ‍ॅपात आकडा आला, शून्य दशांश शून्य एक किलोमीटर. माडापर्यंतचे अंतर ते बरोबर सांगते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. संचिता चार दिवस राहून गेली. ती असताना रोज सकाळी मला खळ्यात धरून फिरवत होती. मी तिच्या वयाची असताना तिला असेच धरून फिरवले होते. सोडले की मी पडते.

आज दुपारी तिचा फोन. "आई! आठ किलोमीटर! माका सांगलंस पण नाय!"

मी आज सायकलला हातही लावलेला नाही. उघडून बघितले. हिरव्यात लिहिले होते, सुरुवात पहाटे चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, आठ दशांश चार किलोमीटर. मी तिला म्हटले की अ‍ॅप बिघडलेले आहे. तिने ते काढून केशरी घालायला सांगितले. हिरवे तसेही फार बोलत होते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

केशरी अ‍ॅप गावभर हिंडणाऱ्या माणसासारखे आहे. तुम्ही काय केले ते सगळ्यांना सांगते. बांद्याचा कोणी ओमकार आहे, त्याने मला अंगठा दाखवला आणि लिहिले, "काकी, रोज पहाटे? जबरदस्त!" मी त्याला ओळखत नाही. मी पहाटे सायकल चालवत नाही. मी साडेसहाला उठते, तेव्हा सायकल जागेवर असते.

पण केशरीतही तेच आले आहे. तीन दिवस. चार अठ्ठावन्न, पाच, चार सत्तावन्न. आठ दशांश चार.

केशरी नकाशावर रेघ काढते. ती रेघ मी बराच वेळ बघितली. आमच्या घरापासून खाली मोहल्ल्यात, तिथून परत वर, देवळाला वळसा, परबांच्या घरांचे आवाट, साकव, आणि घर. ही रेघ मला ओळखीची आहे. पावसात हे किती वाजता कुठल्या वळणावर असतील ते मी ओट्याजवळ उभी राहून सांगू शकत असे.

संचिताला काही सांगितले नाही. अंगात कसकस आहे. मांड्या भरून आल्या आहेत. कापणीला वाकले, त्याचे असेल.

१ नोव्हेंबर, शनिवार

निळे घातले. ह्यात सगळे मराठीत आहे. बोलत नाही. कोणाला काही दाखवत नाही, फक्त आपण निवडलेल्या एकाच माणसाला. मी संचिताला निवडले. सुरू करावे लागत नाही, चाक फिरले की आपोआप सुरू होते. आणि रेघेवर जिथे जिथे सायकल थांबली तिथे ठिपका देते, ठिपक्यावर बोट ठेवले की किती मिनिटे थांबली ते सांगते.

सकाळी उघडले. बेकरीशी चौदा मिनिटे. मग एकेका घराशी एक मिनिट, कुठे अर्धे. मी बोट ठेवत गेले आणि मोजत गेले. तेवीस.

नवशिक्या माणसाने अ‍ॅप कसे निवडावे ते संचिताने मला लिहून पाठवले होते. बॅटरी किती खाते, वापरायला सोपे आहे का, नकाशा आहे का. मी निळे ठेवले आहे. हिरवे फक्त आकडा सांगत होते, केशरी फक्त वाट सांगत होते. निळे ते थांबतात कुठे हे सांगते.

मी लिहिले, ते थांबतात. लिहिलेले खोडत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मी चौथी शिकलेली. पुढचे वाचन पाव गुंडाळायच्या रद्दीवर केले. अर्ध्या बातम्या, पुढचा भाग दुसऱ्या गठ्ठ्यात. मग ह्यांनी वाचनालयाचे कार्ड करून दिले. भुताखेतांची पुस्तकेही वाचली आहेत. त्यात जो येतो तो काही मागायला येतो. हे काही मागत नाहीत. आपले काम करतात आणि जातात. सायकल पुसून ठेवतात, काल चेनला कोणीतरी ताजे तेल घातले होते. संचिताला वाटते रोज मीच चालवते, तिला तसेच वाटू दिले.

मी पहाटे जागे राहायचा दोनदा प्रयत्न केला. जागी राहिले त्या दिवशी निळ्यात काहीच आले नाही. म्हणजे मी बघत असले तर ते निघत नाहीत. आयुष्यभर त्यांना बाहेर पडताना मागे वळून बघायची सवय नव्हती. आता मी झोपते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले, तरी आवाटातल्या लोकांनी पडवीतले दिवे काढलेले नाहीत. साडेसहाला खळ्यात आले की खालच्या वाटेपर्यंत दिवे दिसतात. आपल्या गावात एवढी वीज जाळणारे लोक नव्हते.

साकवाला कोणीतरी बांबूचा कठडा बांधला आहे. देवळाच्या उतारावरचा खड्डा पावसाआधीपासून होता, तोही आता बुजवला आहे. निवडणूक असेल.

परबांचा कुत्रा पहाटे बांधून ठेवतात. मी पूजाला, परबांच्या सुनेला, विचारले, एवढा गुणी कुत्रा, का बांधता? ती म्हणाली, "भुंकता ना काकी." मग घाईघाईने आत गेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कुडाळला जाऊन आले. साखर चाळीसने उतरली. डॉक्टरीणबाई खूश. "सायकल चांगली चाललेली दिसते!" मी खोटे बोलले नाही. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठले.

बाजारात जुबेरभाई भेटले. माझ्याकडे नीट बघेनात. "वैनीनू, बरां आसा मां?"

"बरे आहे. तुमचे?"

"आमचां काय, भट्टी पेटता." मग म्हणाले, "थंडी पडली. फाटेक कायतरी अंगार घेत जावा."

पहाटे मी अंथरुणात असते, मला कशाला अंगावर काही हवे? पण बोलणारा माणूस चांगल्या मनाने बोलतो तेव्हा हो म्हणावे. हो म्हटले.

घरी आल्यावर साडीच्या काठाची कुसळे काढत बसले. रोज कुठून चिकटतात?

३० नोव्हेंबर, रविवार

देवाने कौल दिला. बारा डिसेंबरपासून गावपळण. आमच्या गावात ती चार वर्षांनी येते. सगळ्यांनी तीन दिवस, तीन रात्री गाव सोडायचा, गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन शिवेबाहेर झोपड्या घालून राहायचे. मोहल्ल्यातले लोकही येतात. आत माणूस राहायचा नाही, चूल पेटायची नाही. ते तीन दिवस गाव त्यांचा. ते म्हणजे कोण, हे लहानपणी विचारले की आई तोंडावर हात ठेवायची.

गेल्या वेळी झोपडी ह्यांनी बांधली होती. ह्या वेळी शेवंतीकाकी म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर रव." त्यांनी विचारले नाही, सांगितले.

माझ्या मनात एकच गोष्ट. त्या तीन दिवसांत हे गावात असतील आणि मी बाहेर.

११ डिसेंबर, गुरुवार

खळे सारवले. शेण अजून ओले आहे, मांजर गेले तरी पाऊल उमटेल. मांजरांना काकींच्या सुनेने टोपलीत घातले आहे.

मोबाईल पूर्ण चार्ज करून सायकलवर ठेवला. मुद्दाम. संचिताला सांगितले नाही, जुना बटणांचा फोन बरोबर घेतला. सायकल पडवीत, कुलूप घालून. किल्ली माझ्या कमरेला. कुलूप त्यांना कधी अडवत नाही, मग घालायचे तरी का? पण घातले. शेवटी त्यांचीच सवय.

१२ डिसेंबर, शुक्रवार. शिवेबाहेर, काजूच्या बागेत

दुपारी ढोल वाजले आणि सगळे निघालो. पुढे गुरे, मागे माणसे. साकव ओलांडताना मी मागे बघितले नाही.

इथे जत्रेसारखे आहे. पोरे माडाच्या झावळ्यांवर घसरगुंडी खेळतात. जुबेरभाईंनी विटा लावून भट्टी केली आहे, सगळ्यांना ताजे पाव. अकिलाभाभी म्हणाल्या, "घरात चाळीस वरसां ह्येंका चाय करूक येयना, हय लोकांका पाव वाटतंत!" मी हसले आणि मग लक्षात आले की चार वर्षांपूर्वी ह्या भट्टीला फुंकर घालायला हे होते.

झोपताना शेवंतीकाकींनी एक विचित्र गोष्ट केली. "माका भियां वाटता गो. तुझो पदर माझ्या पदराक बांद." एवढी दांडगी म्हातारी, सापाला हाताने उचलून टाकते. पण बांधला. तिने वरून दोन गाठी मारल्या.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी सव्वासहाला संचिताचा फोन. रडकुंडीला आलेली.

"आई, तू गावात शिरलंस? पळणीत?"

"मी काकींच्या शेजारी आहे. चूल पेटवतेय."

"खोटां बोलू नको! माझ्या फोनात दिसता. पाच वाजल्यापासून तू फिरतंस. देवळाकडे, परबांकडे…"

"मोबाईल घरी आहे, संचू."

तिने हळू विचारले, "मगे सायकलीर कोण आसा?"

मी म्हटले, "अ‍ॅप बिघडले असेल." तिला भीती वाटू नये म्हणून. माझे पाय हलके होते. कितीतरी दिवसांनी मांड्या दुखत नव्हत्या. गाठी तशाच होत्या, काकींनी दातांनी सोडल्या.

१४ डिसेंबर, रविवार

आज परत तशीच फेरी. संचिताने न राहवून दाजींना फोन केला. दाजी परब गावचे मानकरी, देवापुढे गाऱ्हाणे तेच घालतात. पळणीत कोणी आत शिरले तर कौल मिळत नाही, मग सगळ्यांना बाहेरच राहावे लागते. इथे पूजाची दोन महिन्यांची मुलगी आहे, तिला कालपासून कफ झाला आहे.

दाजी झोपडीत आले. माझ्याकडे न बघता काकींना म्हणाले, "शेवंते, खरां सांग. रातचा आनंदी उठलां?"

"नाय रे दाजी."

"तुझो डोळो लागलो आसात."

"दोन राती मी डोळो मिटूक नाय. गाठ बघ. मीच मारलंय, मीच सोडलंय. ह्यां हलूक पण नाय."

दाजींनी तिसऱ्यांदा विचारले. काकींनी तिसऱ्यांदा तेच सांगितले. मग माणसे मोजली. म्हातारी, तान्ही, मोहल्ल्यातली, सगळी होती. दाजी परत आले आणि जमिनीवर बसले. तोंड पांढरे पडले होते. बाहेर दहा-बारा लोक उभे होते. इतके मोठे मानकरी, शंभर जत्रा केलेला माणूस, त्यांना एवढे घाबरायला काय झाले? माझ्याएवढे त्यांना ठाऊक नाही, म्हणून असेल.

मग मीच सांगितले. दोन महिने सांगितले नव्हते ते सगळे सांगितले. तेवीस थांबे, बेकरीतली चौदा मिनिटे, चेनचे तेल. जुबेरभाई खाली मान घालून पायाने माती उकरत होते. पूजा रडत होती. मला वाटले, ह्यांच्यासाठी.

मग दाजी म्हणाले, "आनंदी, गाऱ्हाण्यात घालूया? देवाक सांगलां तर तो थांबतलो. सगळांच थांबात. पन तुका चलात?"

म्हणजे मी एक शब्द बोलले की ते जाणार. गाव निश्चिंत. पूजाच्या मुलीला घरची ऊब. कौलही लगेच मिळेल. मी त्या बाळाकडे बघितले.

"नको," मी म्हटले. "दाजी, त्यांना घालवू नका. त्यांनी कोणाचे काय वाईट केले?"

मला वाटले लोक चिडतील. कोणी चिडले नाही. काकींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दाजी उठले, "बरां" म्हणाले आणि गेले.

१५ डिसेंबर, सोमवार

शिवेवर सगळे जमलो. दाजींनी हात जोडले. मला रात्रभर भीती होती की हा माणूस शब्द फिरवील.

"बा देवा म्हाराजा! तीन दिस गाव तुझो होतो, तुझ्या माणसांचो होतो. जो कोण थंयसर फिरलो आसात, तो आपल्या हक्कान फिरलो आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जी कोण आमची भायर आसा, वाट चुकता, अंधारात चलता, तिका सांबाळ. तिचो पाय घसरूक देव नको."

"व्हय म्हाराजा!"

सगळे इतक्या मोठ्याने म्हणाले की गुरे बिचकली. ही कोण बाई, मी ओळखली नाही. कोणाच्या तरी घरची असेल.

पहिल्याच वेळी कौल मिळाला.

घरी आले. खळे वाळले होते. सारवलेल्यावर हाताचे पट्टे जसेच्या तसे, एक ओरखडा नाही. चाकाचा माग नाही. कुलूप तसेच. मोबाईलमध्ये चार टक्के उरले होते. निळ्यात तीन फेऱ्या, आजचीही. मी ठिपके मोजले.

चोवीस होते. तिन्ही दिवस चोवीस. चोविसावा आमच्या दारात. नऊ मिनिटे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस निळे रिकामे आहे. झोपते, उठते, बघते. दाजींनी शब्द फिरवला काय? काकी म्हणाल्या, "थकलंस तू. चार दिस झोप बरी लागता मां?" बरी लागते, हो. मला बरी झोप नको आहे.

२१ डिसेंबर, रविवार

आले. आठ दशांश चार. तेवीस.

रडले.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज घडले ते जसेच्या तसे लिहिते. 

पायाखालून काहीतरी निसटले. पॅडल एकदम रिकामे फिरले आणि मी जागी झाले. मला वाटले अंथरुणातून पडले. पण माझ्या हातात हँडल होते. समोर ह्यांचा मोबाईल, निळा उजेड. अंगावर माझी शाल नव्हती, जुबेरभाईंची होती, तिला भट्टीचा वास येत होता. मी परबांच्या आवाटात, दाजींच्या घरासमोर, एक पाय जमिनीवर टेकून उभी होते. चेन पडली होती.

पूर्वेला नुकते फटफटत होते. सगळ्या पडव्यांत दिवे. आणि प्रत्येक पडवीत माणूस उभा. निलेश, पूजाचा नवरा, कुत्र्याचे तोंड हाताने धरून बसला होता. पूजाच्या कुशीत बाळ, तिने त्याच्या ओठावर बोट ठेवले होते. पलीकडे म्हाताऱ्या लक्ष्मीकाकी घोंगडी पांघरून, हात जोडून. कोणी हलत नव्हते. कोणी हाक मारली नाही. अशा माणसाला हाक मारू नये, दचकून जीव जातो, असे आमच्याकडे म्हणतात. हे सगळे लोक किती पहाटे असे उठून उभे राहिले असतील?

मी हललेच नाही. कुठे बघायचे तेसुद्धा कळेना, म्हणून समोर बघत राहिले.

दाजी पायऱ्या उतरून आले. माझ्या तोंडाकडे न बघता गुडघ्यावर बसले, चेन दातांवर बसवली, हाताने पॅडल फिरवून बघितले. बोटे काळी झाली. धोतराला पुसली. मग बाजूला झाले आणि वाट बघत राहिले.

तेव्हा मला दिवसाढवळ्याची माझी सायकल आठवली. जागेपणी मी माडापलीकडे गेलेली नाही. इथे पडले तर सगळ्यांना कळेल की मी जागी आहे. कळले की उद्यापासून हे लोक दार लावून झोपतील, आणि माझ्याशी त्याबद्दल बोलावे लागेल, आणि मग ते खरोखरच संपेल. इतक्या दिवसांत प्रथमच मला कळले की दाजींनी तेव्हा मला काय विचारले होते. काय थांबणार होते आणि कोण.

मी पॅडल दाबले.

हँडल डगमगले. निलेश अर्धा उठला. मी त्याच्याकडे बघितले नाही. चाक सरळ झाले. पुढच्या घरी किती थांबायचे ते मला ठाऊक होते, पायांनाही ठाऊक होते. थांबले. एक मिनिट. आनंद इतका कठीण असतो हे मला माहीत नव्हते, त्याला आनंद म्हणावे की नाही तेही ठाऊक नाही. साकवावर कठड्याला हात लावला नाही. सात घरे उरली होती, तीही केली. आमच्या कुंपणापाशी शेवंतीकाकी डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या जवळून गेले. त्या हळूच पुटपुटल्या, "इलंस गो बाय," आणि आपल्या घरात गेल्या.

सायकल पडवीत लावली. पिन लावली. आत जाऊन अंथरुणात पडले आणि साडेसहाला उठले.

मग त्या तीन पहाटे कोण होते, हे मी काकींना विचारणार नाही. दाजींनाही नाही. त्या तीन फेऱ्या मी वेगळ्या ठेवल्या आहेत, निळ्यात तशी सोय आहे, तारा दाबला की त्या पुसल्या जात नाहीत. बाकीच्या माझ्या. माझ्या म्हणायला जड जाते, पण माझ्याच.

संचिताने संध्याकाळी विचारले, "आई, मगे ठरलां? खयचां अ‍ॅप?"

"निळे."

"चालवूक येता आता?"

"येते थोडेफार."

झोपायच्या आधी बटणांच्या फोनात पावणेपाचचा गजर लावला आहे, उशीखाली, आवाज बाहेर जाणार नाही असा. सायकलवर बसल्यावर डोळे समोर ठेवायचे, पापणी फार हलवायची नाही. दाजी खूप जवळ येतात, त्यांच्यासमोर श्वासही सावकाश घ्यायला हवा.